जस्त आणि जास्त

मी झिंकला जस्त म्हणतो. आयर्नला लोह म्हणतो, कॉपरला तांबं म्हणतो आणि फेरस सल्फेटला हिराकस, कारण माझ्या वडिलांच्या पिढीतले शेतकरी तोच शब्द वापरायचे आणि त्यांचं कधी काही अडलं नाही. नांदेडच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवतो. विज्ञान मराठीतून सांगता येतं, आणि कुणालाही सांगता येतं, यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा हवामानाच्या अंदाजावरही नाही.

स्टाफरूममध्ये यावरून माझी भरपूर चेष्टा होते. चहात साखर कमी पडली की कुणीतरी हटकून म्हणतं, "सर, शर्करा घाला म्हणून सांगू का?" मी चिडतो. मला चिडायला फार वेळ लागत नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. फळ्यावर 'किटक' असं ऱ्हस्व लिहिलेलं दिसलं तर मी शिकवणं थांबवून आधी वेलांटी दुरुस्त करतो.

माझा आवडता विषय म्हणजे कीटक आणि धातू. ऐकायला विचित्र वाटेल, पण मुंगीपासून रेशमाच्या अळीपर्यंत सगळ्यांना लोह लागतं, जस्त लागतं, तांबं लागतं. लागतं ते अगदी चिमूटभर. कमी पडलं तर वाढ खुंटते आणि जास्त झालं तर तेच विष. एवढ्याशा जिवाला हा तोल सांभाळायचा असतो, आणि तो सांभाळतो. काही कीटकांच्या तर जबड्याच्या धारेत जस्त असतं, त्यामुळे ती धार कणखर होते. हे सांगताना माझा आवाज आपोआप चढतो. शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा मग मोबाइल खाली ठेवतात, निदान मला तसं वाटतं.

तर एकदा एका मुलीने उत्तरपत्रिकेत लिहिलं, "आहारात जास्तची कमतरता असल्यास कीटकाची वाढ खुंटते." मी लाल पेनाने त्या 'जा'चा काना खोडला, अर्धा मार्क कापला आणि तो पेपर स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवला. "एका कान्याने धातूचं काय होऊन बसलं बघा," असं म्हणून पोट धरधरून हसलो. त्याच वर्षी तो काना माझ्या अंगाशी आला.

आमचं गाव जळकोटपासून जवळ. तिथे माझा थोरला भाऊ, आमचा दादा, शेती बघतो आणि वहिनी बाकीचं सगळं बघतात. वहिनींचं माहेर उमरीकडचं. त्या लग्न होऊन आल्या तेव्हा मी बारावीत होतो, आणि पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "भावजी, फुलपाखराला रगत असतंय का?" मला उत्तर आलं नव्हतं. मी प्राणिशास्त्राकडे का वळलो असं कुणी विचारलं तर मी मोठमोठी कारणं सांगतो, पण खरं कारण बहुतेक तेच असावं.

रेशीम करा म्हणून वहिनींच्या मागे मीच लागलो होतो. "तुमची नजर बारीक आहे, तुम्हाला जमेल," असं दर दिवाळीला म्हणत राहिलो. शेवटी त्यांनी मनावर घेतलं. दादाने कुरकुरत तुती लावली, कुरकुरत शेड उभारलं. पण पहिली बॅच उन्हाळ्यात रोग पडून गेली. मेलेल्या अळ्या वहिनींनी स्वतः खड्ड्यात पुरल्या आणि वर चुना टाकला. त्या दिवशी फोनवर त्या माझ्या प्रत्येक वाक्याला हो म्हणायचं तिथे नुसतं 'हाव, हाव' करत राहिल्या.

दादाने मग स्पष्टच सांगितलं, "अजून एक बॅच करून बग. ही बी गेली तर शेड रिकामं करायचं. माझा ट्रॅक्टर उन्हात उभा हाय अन् कडबा भिजून राहिलाय." दादा वाईट माणूस नाही. त्याला फक्त जिथे पत्रा दिसतो तिथे ट्रॅक्टर दिसतो.

वहिनींसाठी मात्र ते नुसतं शेड नव्हतं. घरातल्या कपाटाची किल्ली आधी आमच्या आईकडे होती, मग दादाकडे गेली. कोठीच्या खोलीची दादाकडे, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीची दादाकडे. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर त्यांच्या हातात आलेली पहिली किल्ली ती शेडची. ती त्यांनी काळ्या दोऱ्यात ओवून गळ्यात घातली होती. "आत यायचं तर मला इचारून," असं त्या दादालाही सांगायच्या, आणि दादा मुकाट्याने चपला काढून, बाहेरचा रोग आत जाऊ नये म्हणून दारात ठेवलेल्या चुन्यात पाय बुडवून उभा राहायचा. हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. ती किल्ली त्यांच्या गळ्यातून उतरू नये, एवढंच मला त्या वर्षी वाटत होतं.

दुसरी बॅच धरायच्या आधी वहिनींनी मला तुतीच्या पानांचा फोटो पाठवला. शेंड्याकडची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. आमच्याकडच्या चुनखडीच्या रानात हे नेहमीचंच. जमिनीत लोह असतं, पण चुनखडीमुळे ते झाडाला उचलता येत नाही. मी कळवलं, "लोह कमी आहे. हिराकस फवारा." हिराकस हा शब्द त्यांना माहीत होता. त्यांची आजी कापड काळं रंगवायला ते वापरायची म्हणे. फवारणी झाली, काही दिवसांत पानं हिरवी झाली, आणि माझी कॉलर ताठ झाली.

मग अळ्या आल्या. बारक्या अळ्या आधी दुसरीकडे वाढवतात आणि दोनदा कात टाकून झाली की शेडात आणतात. त्या आल्यावर वहिनींचे फोन कमी झाले आणि फोटो वाढले. असल्याच एका फोटोत मला दिसलं की तुतीच्या काही फांद्यांची पानं आखूड राहिली आहेत, शेंड्याशी गुच्छ झाल्यासारखी. ही जस्त कमी पडल्याची खूण. मी कॉलेजच्या जिन्यात उभा राहून, एका हातात हजेरीपट सांभाळत, दुसऱ्या हाताने मेसेज टाइप केला: "आता तुतीला जस्त द्या. उशीर नको." पाठवला आणि विसरून गेलो.

चार-पाच दिवसांनी, रविवारी सकाळी, सहज फोन केला. काय म्हणतात अळ्या, म्हणून विचारलं.

"चौथी झोप झाली. आज उठून राहिल्यात," वहिनी म्हणाल्या.

अळी कात टाकायच्या आधी खाणंपिणं सोडून निश्चल पडून राहते, त्याला रेशीमवाले झोप म्हणतात. चौथ्या झोपेतून उठली की ती आठवडाभर अधाशासारखी पाला खाते आणि मग कोष करायला घेते. बॅच जगते की जाते ते याच आठवड्यात ठरतं.

"आणि तुती?"

"हाव, तुमी सांगितलं तसं जास्त देलं की. डबल."

"काय डबल?"

"हिराकस. यांनी पंपात डबल टाकून मारलं. तुमीच लिवलं व्हतं न्हवं, आता जास्त द्या म्हनून? काना नव्हता, पर मोबाइलवर बोटानं खाल्ला असंल म्हनलं. पानावर जरा काळे डाग पडलेत, तेवढं सोडलं तर बराबर हाय."

ती मुलगी, तिचा अर्धा मार्क, स्टाफरूममधलं माझं हसणं, सगळं डोळ्यांपुढून गेलं. जस्त हा शब्द त्या घरात, त्या गावात कुणीच वापरत नाही. खताचा दुकानदार झिंक म्हणतो, पिशवीवर झिंक छापलेलं असतं, शाळेतली पोरं झिंक म्हणतात. जस्त म्हणणारा त्या पंचक्रोशीत मी एकटा, आणि तोही नांदेडला राहणारा. बिचाऱ्या वहिनींनी माझं अडाण्यासारखं टायपिंग समजुतीने दुरुस्त करून घेतलं होतं.

"पानं पाण्याने धुऊन घालता येतील का?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच जीभ चावली. ओला पाला घातला की अळ्यांना रोग धरतो. हे त्यांना मीच शिकवलं होतं.

"ओला पाला? तुमी म्हनून राहिले हे?" वहिनींच्या आवाजात पहिल्यांदाच शंका आली. "काय झालंय, भावजी?"

"काही नाही. मी येतो," म्हणालो आणि फोन ठेवला. चूक कबूल करायची हिंमत फोनवर झाली नाही, हेही सांगून टाकतो.

कंधारची गाडी मिळाली ती लोह्यावरून जाणारी. लोहा हे आमच्या वाटेवरचं तालुक्याचं गाव. एरवी तिथून शेकडो वेळा गेलो असेन, पण त्या दिवशी कंडक्टर "लोहा! लोहा कोन कोन?" असं ओरडायला लागला आणि मला घाम फुटला. दुकानांच्या पाट्यांवर लोहा, शाळेच्या फाटकावर लोहा, जाहिरातीच्या फलकावर लोहा. शेजारी बसलेल्या बाबांनी विचारलं, "लोहा उतरनार का?" मी म्हणालो, "उतरलं तर बरं होईल." ते माझ्याकडे बघतच राहिले, मग पिशवी घेऊन पुढच्या बाकावर जाऊन बसले.

वाटेत मी मनाला समजावत होतो. माणसाला जास्तीचं लोह बाहेर टाकायची धड सोय नाही. आपलं शरीर दारावर पहारा ठेवतं, आत किती घ्यायचं ते ठरवतं, पण एकदा आत शिरलेल्याला हाकलणं त्याला जमत नाही. अळीचं तसं नाही. तिच्या आतड्याच्या पेशी लोह डब्यात भरल्यासारखं एका प्रथिनात कोंडून ठेवतात. लागेल तेवढं अंगाला देतात, आणि बाकीचं त्या पेशी गळून पडताना विष्ठेबरोबर बाहेर जातं. हे सगळं मी वर्गात इतक्या वेळा सांगितलं होतं की मला ते पाठ होतं. पण वर्गात सांगताना कधी कुणाच्या गळ्यातली किल्ली त्यावर टांगलेली नव्हती. डबल म्हणजे नक्की किती, ते डब्यात मावेल का, याचं उत्तर मला येत नव्हतं. मी घाबरलो होतो, सरळ सांगायचं तर.

कंधारला उतरून जीप धरली. गावात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. दादा शेडच्या बाहेर ट्रॅक्टरच्या सावलीत बसला होता.

"काय रे, अचानक?" त्याने विचारलं.

मी तोंड उघडलं. चूक सांगायची असं जीपमध्ये पक्कं ठरवलं होतं. तेवढ्यात शेडच्या दारातून वहिनी म्हणाल्या, "म्याच बलिवलं. बॅच बगायला. चपला काढा, भावजी, चुन्यात पाय बुडवा. अन् पहिल्या रॅकपाशीच थांबा. बाहिरून आलेला मानूस पुढं न्हाई जायचा."

नियम माझाच होता. मी चुन्यात पाय बुडवले, हात धुतले आणि पहिल्या रॅकपाशी उभा राहिलो. फांद्यांवर काळे डाग पडलेली पानं होती, आणि त्या पानांवर अळ्या होत्या. खात होत्या. शेकडो जबड्यांची ती बारीक करकर ऐकली आणि माझ्या जिवात जीव आला. डागाच्या कडेने कुरतडून डाग तेवढा शिल्लक ठेवायचा, असंही काहींचं चाललं होतं. मी खालची विष्ठा तळहातावर घेऊन उजेडात धरली. ती नेहमीपेक्षा काळपट वाटली.

"टाकतायत!" मी ओरडलोच. "जास्तीचं लोह बाहेर टाकतायत!"

झालं. मग चूक कबूल करायची राहिली बाजूला आणि मी त्या दारातच तास घेतला. दादा आणि वहिनी दोघंच विद्यार्थी. डबे सांगितले, पहारा सांगितला, जस्त साठवायच्या पोटातल्या बारीक नळ्या सांगितल्या. आपलं रक्त लाल का आणि अळीचं का नाही तेही सांगितलं. आपलं रक्त लोहाच्या जोरावर प्राणवायू वाहून नेतं, किड्याच्या अंगात मात्र हवेच्याच नळ्या असतात, त्यामुळे त्याच्या रक्ताला ते काम नसतं. "म्हणजे फुलपाखराला रक्त असतं, वहिनी. फक्त ते आपल्यासारखं लाल नसतं." इतक्या वर्षांनी उत्तर दिलं. त्यांनी मान हलवली, पण त्यांचं लक्ष आतल्या रॅककडे होतं.

"म्हंजी लोखंड खाऊन बी जगतेत?" दादा म्हणाला. "मंग कोष कापायला छन्नी आनावी लागंल."

"तुमी तुमचा ट्रॅक्टर कापा," वहिनी म्हणाल्या. दादा हसला, मीही हसलो. जेवलो, आणि संध्याकाळच्या गाडीने परत आलो.

त्या आठवड्यात मी मोबाइल उशाशी घेऊन झोपलो. मग एका दुपारी फोटो आला. अळ्यांना कोष करायला ज्या जाळ्या देतात त्या चंद्रिका पांढऱ्याशुभ्र कोषांनी गच्च भरल्या होत्या. खाली वहिनींनी लिहिलं होतं, "झाले." मी वर्गातून बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही. दादाने त्याच आठवड्यात ट्रॅक्टरसाठी कडुलिंबाखाली ताडपत्री बांधली. किल्ली जिथे होती तिथे राहिली.

आता माझ्यासारख्या माणसाच्या हाती अशी हकीकत लागल्यावर तो गप्प बसेल का? मी ती वर्गात सांगितली, स्टाफरूममध्ये सांगितली, नात्यातल्या एका साखरपुड्यात पंगतीत बसलेल्या अनोळखी पाहुण्यांनाही सांगितली. डबल फवारणी का झाली हे मात्र दर वेळी "काही कारणाने" या दोन शब्दांत उरकून घेतलं. पुढे कंधारला शेतकऱ्यांचा मेळावा होता. तिथे कीटकांवर बोलायला मला बोलावलं होतं, आणि वहिनी बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मला आणखीच चेव आला. "या बघा, इथेच बसल्यात," मी माइकवरून म्हणालो. "यांच्या शेडातल्या अळ्यांनी डबल हिराकस मारलेली पानं खाल्ली आणि भरघोस कोष केले! निसर्गाने त्या एवढ्याशा पोटात अशी सोय करून ठेवली आहे!" टाळ्या पडल्या. वहिनींनी पदर तोंडाला लावला होता. मला वाटलं, गहिवरल्या.

मेळावा संपल्यावर गाड्यांना वेळ होता म्हणून स्टँडसमोरच्या रसवंतीत बसलो. उसाच्या रसाचे दोन ग्लास आले. वहिनी बोटाने गळ्यातली किल्ली दोऱ्यावर पुढे-मागे सरकवत होत्या.

"भावजी, एक सांगू का? राग न्हाई ना येनार?"

"मला कशाला राग येईल?" मी म्हणालो. हे वाक्य मी म्हणालो की घरातले सगळे सावध होतात.

"तो डागाचा पाला म्या एकाच रॅकला घातला. दारापाशी व्हती ती."

मी ग्लास खाली ठेवला.

"बाकीच्यांना?"

"विहिरीकडल्या तुतीचा. यांच्या पंपाची बॅटरी अर्ध्यातच बसली व्हती, तिकडं फवारा गेलाच न्हाई. तोच पुरवून पुरवून घातला."

म्हणजे मी एकच रॅक पाहिली होती. दारापाशी उभी केलेली. ती पाहून मी पुऱ्या शेडाचा, पुऱ्या बॅचचा, पुऱ्या कीटकसृष्टीचा निष्कर्ष काढला होता आणि आत्ताच माइकवरून जगाला सांगूनही आलो होतो. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या मुलांचे प्रयोग मी फेटाळून लावतो. त्यांच्या वहीवर लाल पेनाने "घाई" असं लिहितो.

"पण तुम्हाला कसं कळलं, पाला घालू नये म्हणून?"

"मागं मला रगत कमी हाय म्हनून दवाखान्यात लोखंडाच्या गोळ्या देल्त्या. एकच घ्या म्हनले व्हते. लवकर बरं व्हावं म्हनून म्या दोन दोन घेतल्या. पोटात जे कालवलं, दोन दिस उठले न्हाई. पानावरचे ते काळे डाग बगितले अन् मला त्या गोळ्याच आठवल्या. म्हनलं, मला झेपलं न्हाई तर या बोटाएवढ्या जिवाला काय झेपंल?" त्यांनी एक घोट घेतला. "अन् तुमी फोनवर ओला पाला म्हनले तवाच वळखलं, कायतरी चुकलंय. तुमी निगाल्यावर म्या खताच्या दुकानात फोन लावला. इचारलं, जस्त म्हंजी काय ओ? ते म्हनले, झिंक, काकू."

म्हणजे मी शेडाच्या दारात पोचलो तेव्हा त्यांना सगळं ठाऊक होतं.

"मग ती एक रॅक तरी कशाला धोक्यात घातली?"

"तुमीच म्हनता न्हवं, बगितल्याबिगर खरं धरू नये? म्हनलं, बगावं. एक रॅक गेली तर गेली."

"आणि काय झालं तिचं?" प्राणिशास्त्राचा प्राध्यापक जागा झाला होता, लाज वाटत असतानाही.

"केले की कोष. बाकीच्यापरीस जरा पातळ झाले. थोड्या अळ्या तशाच राहून गेल्या. पर केले. म्हंजी तुमचं खरं हाय, जास्तीचं ते टाकून देतेत." त्यांनी ग्लास ठेवला. "पर म्या माझी समदी बॅच तुमच्या खरेपनावर टाकायची व्हय?"

मी हसायला लागलो. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं. हसता हसता म्हणालो, "वहिनी, म्या चुकलो." इतक्या वर्षांच्या प्रमाण मराठीनंतर तोंडातून 'म्या' निघालं ते त्यांनी ऐकलं आणि त्याही हसल्या.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंत? इतके महिने मी गावभर मिरवतोय."

"तुमी तुमचं तोंड बगितलं व्हतं का त्या दिवशी? पांढरंफटक. अन् यांच्यासमोर तुमचं चुकलं असं निगालं असतं, तर यांनी शेडात तुमचं एक बी ऐकू देलं नसतं. तुमी बी लाजून सांगायचं सोडून देलं असतं." त्यांनी किल्ली पदराआड सारली. "मंग म्या कुनाला इचारू, फुलपाखराला रगत असतंय का म्हनून?"

मला वाटत होतं की त्या वर्षी मी वहिनींची किल्ली वाचवायला धावलो होतो. प्रत्यक्षात किल्ली त्यांची त्यांनीच राखली होती आणि जाता जाता मलाही सांभाळून घेतलं होतं. मी उरलेला रस एका दमात प्यायलो. तेवढ्यात त्यांची गाडी लागली आणि त्या पिशवी उचलून निघाल्या.

नांदेडला आल्यावर मी त्या मुलीचा पेपर शोधला, पण जुने गठ्ठे केव्हाच रद्दीत गेले होते. तिचा अर्धा मार्क माझ्या डोक्यावर तसाच आहे. स्टाफरूममध्ये मात्र मी पूर्ण हकीकत सांगितली, कान्यासकट आणि रॅकसकट. पोट धरधरून हसायची पाळी या वेळी इतरांची होती.

पुढच्या हंगामात वहिनींनी पुन्हा फोटो पाठवला. तीच खूण, आखूड पानं, शेंड्याशी गुच्छ. मी 'जस्त' टाइप केलं आणि खोडलं. मग आयुष्यात पहिल्यांदा दुकानदाराचा शब्द टाइप केला: "तुतीला झिंक द्या."

थोड्या वेळाने त्यांचं उत्तर आलं: "हाव. जस्त."

काना नव्हता. या वेळी तो कुणी खाल्लेला नव्हता.